गोळी घ्या आणि प्रार्थनाही करा

आज थोडे कडू लिहिणार आहे. नात्यातली जी मंडळी हे पान नेमाने वाचतात, त्यांतल्या दोघातिघांना राग येईल. येऊ द्या. गोड बोलून कोणाची साखर उतरल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकते. आपल्या ख्रिस्ती घरांत हल्ली 'आत्मिक' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. जो मोठ्याने प्रार्थना करतो तो आत्मिक. जो एकवीस दिवस उपास करतो तो जास्त आत्मिक. आणि ज्याने डॉक्टर सोडला, गोळ्या सोडल्या, तो तर सगळ्यांत आत्मिक. उलट जो माणूस रविवारी गुपचूप येऊन मागच्या सतरंजीवर बसतो, आठवडाभर शेतात नाहीतर दुकानात इमानाने राबतो, म्हाताऱ्या आईची लुगडी धुतो, त्याला म्हणायचे 'नावाचा ख्रिस्ती'. ही मोजपट्टी खोटी आहे. नुसती खोटी असती तर मी लिहिले नसते. ती माणसे आजारी पाडते, म्हणून लिहिते आहे.

माझ्या धाकट्या जावेचे उदाहरण देते. ती स्वतः हे वाचते आणि तिला विचारूनच लिहिते आहे. "लिवा अक्का, दुसरी कोणी वाचंल तरी," असे ती म्हणाली. नऊ वर्षांपासून तिला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ गोळी, महिना-दोन महिन्यांनी तपासणी, असे बरे चालले होते. एका गावी तीन दिवसांची चंगाई सभा होती, तिथे गेली. गावाचे आणि सभा घेणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, कारण माझे भांडण एका माणसाशी नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि जाहीर झाले की बाई बरी झाली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, जरूर करावी. पण पुढचे वाक्य असे होते की, आता गोळी घेतलीस तर देवावर संशय घेतल्यासारखे होईल.

तिने गोळ्या बंद केल्या. घरात कोणाला सांगितले नाही, कारण सांगणे म्हणजेही संशयच! तीन महिन्यांनी पायाला काटा लागल्याचे निमित्त झाले. जखम चिघळली. नांदेडच्या दवाखान्यात नेली तेव्हा साखर पाचशेच्या वर होती. डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. मला हे सगळे कळले ते त्या दवाखान्यात, तिच्या कॉटपाशी बसले तेव्हा. ती म्हणाली, "गोळी घेतली की विश्वास कच्चा आसं म्हणतेत ना अक्का, म्हणून मी घेतलीच नाही." तिच्या मुलाने त्या सभेवाल्यांना फोन लावला. पलीकडून उत्तर आले की, विश्वासात कुठेतरी फट राहिली असेल, पुन्हा उपास धरा.

हे उत्तर मला बोटे गेल्यापेक्षा जास्त लागले. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. पोर पास झाले तर माझ्या शिकवण्याने आणि नापास झाले तर त्याच्या बापाच्या नशिबाने, असे म्हणणारा मास्तर आम्ही कोणी खोलीत उभा केला नसता. मग इथे हा हिशेब कसा चालतो? बरे वाटले तर साक्ष आमच्या सभेची, बिघडले तर दोष तुझ्या विश्वासाचा. छापा पडला तरी माझा, काटा पडला तरी माझा. जो उपाय कधीच चुकू शकत नाही त्याला उपाय म्हणत नाहीत, त्याला फसवणूक म्हणतात. त्यात फसवणारा स्वतः मनापासून विश्वास ठेवत असेल, तरी बोटे परत येत नाहीत.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही शास्त्राच्या विरुद्ध बोलता. चला, शास्त्रच उघडू.

सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि सांगितले, घे उडी, देवदूत झेलतील. वर शास्त्रातला आधारही दिला. प्रभूने उडी घेतली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे उत्तर दिले. मधुमेह असताना गोळ्या फेकून देणे ही उडीच आहे. आणि ती उडी घ्यायला सांगणारा शास्त्रवचने म्हणून दाखवतो एवढ्यावर भुलू नका. शिखरावर उभा राहून बोलणाऱ्यालाही वचने पाठ होती.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली आणि आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून दिली. एवढे मोठे आश्वासन मिळाले, तरी यशया संदेष्ट्याने काय सांगितले? अंजिरांचे पोटीस करून गळवावर बांधा. आश्वासनही आणि पोटीसही. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडे, तर पौलाने त्याला 'विश्वास वाढव' असे लिहिले नाही. थोडा द्राक्षारस घेत जा, असे लिहिले. त्या काळी पोटाला औषध म्हणून तोच होता. पौलाबरोबर फिरणारा लूक तर पेशाने वैद्यच. चार शुभवर्तमानांतले एक आणि प्रेषितांची कृत्ये ही दोन्ही पुस्तके मंडळी त्याच्याच नावावर सांगत आली. चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला, असे कुठे आहे? त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले, दोन दीनार आगाऊ भरले आणि जास्त लागले तर परत येताना देईन असे कबूल केले. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रथमोपचार केला, ॲम्ब्युलन्स झाला, डिपॉझिट भरले.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. बरोबर आहे. औषध बंद करा असे मात्र त्यात नाही. आणि प्रभूने कुष्ठरोग्यांना शुद्ध केले तेव्हा काय सांगितले? जाऊन याजकाला दाखवा. कुष्ठ गेले की नाही हे तपासून ठरवण्याचे काम त्या काळी नियमशास्त्राने याजकाकडे दिलेले होते. म्हणजे ज्याने खरोखर बरे केले त्याला तपासणीची भीती नव्हती. आमच्याकडे मात्र 'रिपोर्ट काढून पाहू' म्हटले की लगेच अविश्वास ठरतो.

हे झाले शास्त्र. आता आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास पाहा, कारण 'जुन्या लोकांचा विश्वास कसा धगधगता होता' हे ऐकवून आमची तोंडे बंद केली जातात.

जागृतीचे नाव काढले की सगळे केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव घेतात. १९०५ साली तिथे मोठी आत्मिक जागृती झाली. शेकडो मुली रात्र रात्र रडून, मोठमोठ्याने प्रार्थना करत. जगभरच्या मंडळ्या ते साल आजही अभिमानाने सांगतात. मी ते नाकारत नाही. पण ज्या बाईच्या अंगणात हे घडले त्या पंडिता रमाबाई काय करत होत्या, तेही सांगा ना. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुलींना त्या विणकाम शिकवत होत्या, शेती करवत होत्या, विहिरी खोदून घेत होत्या, घाणा चालवत होत्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय तिथे होती. छापखाना होता आणि खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते काम त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. रात्रभर प्रार्थना झाली म्हणून सकाळी माग बंद राहिला, असा तो आश्रम नव्हता.

त्याच रमाबाई १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली बायकांची जी दुर्दशा झाली, त्याविरुद्ध 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून त्यांनी सरकारला खडसावले. आणि त्यांची एकुलती एक लेक मनोरमाबाई आजारी पडली तेव्हा तिला मिरजेच्या मिशन इस्पितळात ठेवले होते. तिथेच १९२१ साली ती वारली. जागृतीच्या आश्रमाच्या आईने लेकीला डॉक्टरकडे पाठवले आणि लेक गेल्यावरही देवाला सोडले नाही की स्वतःच्या विश्वासात फट शोधत बसली नाही. उरलेली मुद्रिते तपासायला घेतली. याला मी विश्वास म्हणते.

ते मिरजेचे इस्पितळ १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टराने सुरू केले. वेल्लोरला आयडा स्कडर बाईंनी १९०० साली लहानशी सुरुवात केली, तिथे आज आपल्याकडचेही लोक गाडी धरून जातात. आपल्या मराठवाड्यात जालन्याला मिशनचा दवाखाना झाला. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल आहे, त्याने २०२० च्या कोरोनात रुग्ण सांभाळले. ज्या मंडळीने या देशात गावोगाव दवाखाने उभे केले, नर्सिंग शिकवले, आपल्या किती तरी आयाबहिणींना पांढरा गणवेश घालून मानाने पगार मिळवायला लावले, तीच मंडळी आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास असे शिकवणार? मग त्या नर्सबाया काय आयुष्यभर अविश्वासाची चाकरी करत होत्या? आमच्या नात्यातच तिघी नर्स झाल्या. त्यांनी रात्रपाळीत जितक्या प्रार्थना केल्या असतील तितक्या कोणा चंगाईवाल्याने केल्या नसतील. फक्त त्यांच्या एका हातात सलाइनची बाटली होती.

आता दुसरी बाजू. नाही तर माझ्या जुन्या मंडळीतले लोक टाळ्या वाजवून मोकळे होतील.

आमची जावबाई त्या सभेला का गेली, याचा विचार कोणी केला? आमच्या बाळापूरच्या बाजूला ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. पाळक महिन्यातून एकदा येणार, आले तर घाईत. उपासना म्हणजे छापील क्रम वाचायचा, तीच तीन गीते ओढत म्हणायची, वर्गणीची पावती फाडायची. नऊ वर्षे ती आजारी होती. मंडळीतल्या एकाने तरी तिच्या घरी बसून विचारले का, की बाई, रात्री पाय जळजळतात का? झोप लागते का? भीती वाटते का? मोठ्या शहरातल्या मंडळ्यांचे तर बोलायलाच नको. जमीन कोणाच्या नावावर, समितीवर कोण, निवडणुकीत कोणी कोणाचा पत्ता कापला, यातच वर्षे जातात. कोर्टाच्या तारखा पाठ आणि स्तोत्रे विसरलेली.

त्या सभेत निदान तिला कोणी तरी नावाने हाक मारली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यासाठी कोणी तरी रडले. तहानलेल्या माणसाला तुम्ही रिकामा पेला दिला, तर तो डबक्याचे पाणी पिणारच. डबक्याला नावे ठेवण्याआधी आपला माठ भरलेला आहे का ते पाहा. थंड धर्म आणि तापलेला धर्म हे एकमेकांचे शत्रू नाहीत. एक दुसऱ्याला गिऱ्हाइके पुरवतो.

मग सरळ, निरोगी असे काय? मला विचाराल तर आमच्या मातीतच एक गोष्ट आहे. संत नामदेवांचे नरसी गाव आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. त्यांची आख्यायिका लहान पोरांनाही माहीत आहे. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोले, असे नामदेव. पण संतमेळ्यात गोरा कुंभाराने थापटण्याने एकेकाचे डोके तपासले तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे निघाले! मग ते विसोबा खेचरांकडे गेले, औंढ्याच्या देवळात, असे आमच्याकडे सांगतात. या गोष्टीत मला मोठे शहाणपण दिसते. देवाशी जवळीक आहे, डोळ्यांत पाणी आहे, गोड गळा आहे, तरीही मडके कच्चे असू शकते. उष्णता वेगळी आणि पक्केपणा वेगळा.

हळदीचेही तसेच. आमच्या भागात हळद निघाली की कढई नाहीतर बॉयलर पेटतो. शिजवण्याचे काम तास-दीड तासाचे. धूर, वाफ, माणसांची धावपळ, सगळे बघण्यासारखे असते. पण हळद बाजारात उभी राहते ती नंतर उन्हात दहा-पंधरा दिवस रोज पसरली, रोज उलटली, संध्याकाळी झाकली म्हणून. ते काम कोणी बघायला येत नाही. ते टाळले तर शिजलेल्या हळदीला बुरशी येते. सभा म्हणजे शिजवणे. वाळवणे घरी करायचे असते, आणि ते आम्हांला कोणी शिकवतच नाही.

ते शिकायचे तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ते सभा-संमेलनांचे माणूस, झपाटलेले, आज एक उद्या दुसरे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागून लगेच उडी मारली नाही. पाच वर्षे घेतली. सोवळे-ओवळे, जातीचा विटाळ, एकेक गोष्ट मनाशी तासून, पटली तेव्हा सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे'त स्वतःवर, नवऱ्यावर, मिशनवर सगळ्यांवर हसल्या. ज्या विश्वासाला स्वतःवर हसता येते तो निरोगी, अशी माझी एक साधी खूण आहे. घरात पै नसताना आलेल्या-गेलेल्याला जेवू घालणे, पोरके मूल सांभाळणे, टिळक गेल्यावर त्यांचे अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लिहीत नेणे, हे सगळे त्यांच्या भक्तीतच बसत होते. आणि टिळकसुद्धा पाहा. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांनी भजन-कीर्तन मंडळीत आणले, तुकोबांचे ऋण उघड मान्य केले. थंड उपासनेवर त्यांनी उपाय काढला तो आपल्या मातीतल्या सुराचा. भीतीचा नाही.

परवा-परवाचे उदाहरण हवे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२४ साली गेले. एकीकडे 'सुबोध बायबल' लिहिणे, दुसरीकडे हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणे. २०२० च्या जानेवारीत आपल्या धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रार्थना आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी वेगवेगळ्या कपाटांत ठेवला नाही.

मी मास्तरीण, त्यामुळे प्रगतिपुस्तकाशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या वेळी एखादे पोर गणितात शंभरपैकी शंभर आणि मराठीत शून्य आणायचे, तेव्हा त्याला पास करत नव्हतो. आत्मिक जीवनाचेही विषय आहेत. प्रार्थना हा एक. वचनाचा अभ्यास दुसरा. म्हणजे मोबाइलवर आलेला एक सुटा श्लोक नव्हे, पूर्ण अध्याय, मागचा-पुढचा संदर्भ धरून. काम तिसरा. विसावा चौथा. माणसे पाचवा. आणि शरीर सहावा, कारण ते देवाचे मंदिर आहे असे पौलानेच करिंथकरांना लिहिले.

विसाव्याबद्दल दोन शब्द जास्त. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम करून आला आणि त्यानंतर लवकरच रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता मरण दे' म्हणू लागला. देवाने त्याला काय दिले? उपदेश नाही, उपास नाही. झोप दिली. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. उपदेशाची पाळी फार नंतर आली, आणि तीही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, हळू आवाजात. आज आपल्याकडे एखाद्या तरुणाचे मन खचले, रडू येते, जगावेसे वाटत नाही असे तो म्हणाला, की लगेच 'दुष्टात्मा' म्हणून त्याला भोवताली उभे राहून ओरडतात, तीन दिवस उपाशी ठेवतात. त्याला आधी भाकर, झोप आणि डॉक्टर लागतो. फिट येणाऱ्या मुलीलाही हेच. तिच्या अंगात काही नाही, तिच्या मेंदूला गोळीची गरज आहे.

आणि प्रगतिपुस्तकावर सही कोणाची घ्यायची? सभेवाल्याची नाही, पाळकाचीही नाही. घरच्या माणसाची. एखाद्याची भक्ती खरी की कशी हे त्याच्या सुनेला विचारा, शेतावरच्या गड्याला विचारा, उधारी असलेल्या दुकानदाराला विचारा. रात्रभर जागरण करून सकाळी बायकोवर खेकसणारा माणूस मी पाहिला आहे. दशांश मोजून देणारा आणि मजुरीत दहा रुपये कापणारा पाहिला आहे. उपास कोणता खरा, हे यशयाने अठ्ठावन्नाव्या अध्यायात स्वच्छ लिहून ठेवले आहे. भुकेल्याला भाकर आणि दबलेल्याची सुटका. पुन्हा वाचा.

हे लिहू नका, असे मला दोघांनी सांगितले. कारण काय, तर आजकाल ख्रिस्ती प्रार्थनेकडे बाहेरचे लोक धर्मांतराच्या संशयाने पाहतात, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. ही भीती खोटी नाही, मला ठाऊक आहे. पण म्हणूनच लिहिते. आपण आपले घर झाडले नाही तर दुसरे कोणी काठी घेऊन झाडायला येईल, आणि तो केर आणि माणूस यांत फरक करणार नाही. मधुमेह मंत्राने, ताईताने बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्याच साली त्यांचा खून झाला. मांत्रिकाला जे लागू ते आम्हांला नको, असे म्हणायचे आहे का? आमचा मांत्रिक बायबल हातात धरतो म्हणून तो मांत्रिक नाही का?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. कोणत्याही मंडळीत आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली की त्याच क्षणी, त्याच व्यासपीठावरून, त्याच मोठ्या आवाजात सांगावे की चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. एवढे एक वाक्य. ज्याला ते म्हणता येत नाही त्याच्या सभेला जाऊ नका, मग त्याचा आवाज कितीही दणदणीत असो. बरे झाल्याची साक्ष द्यायची असेल तर रिपोर्ट हातात घेऊन द्या, आम्ही टाळ्या वाजवू, गाणे म्हणू, देवाचे आभार मानू. आणि थंड मंडळ्यांनी वर्षाला एक निवडणूक कमी लढवावी आणि महिन्याला चार आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसावे, हातात हात घेऊन. जाताना साखर तपासायचे मशीन न्यावे. हजार-दीड हजाराला मिळते, आणि ते न्यायला अभिषेक लागत नाही.

जावबाई आता बऱ्या आहेत. थोड्या लंगडतात. सकाळी इन्सुलिनची सुई घेतात, मग स्तोत्रसंहिता उघडतात, मग नातवाचा डबा. मी विचारले, आता विश्वास कच्चा झाला का ग? तर म्हणाली, "सुई टोचून घ्यायला बी विश्वासच लागतो अक्का."

नात्यातल्या ज्यांना राग आला असेल त्यांनी फोन जरूर करावा. पण आधी आपापल्या गोळ्या घेऊन.

जय ख्रिस्त.